पहिल्या शिफ्टची माणसं

माणसाला चार तास एका खुर्चीत बसवा, त्याचा एक हात मशीनला बांधा आणि टीव्हीचा रिमोट हरवू द्या. किस्से आपोआप जमतात. आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये या तिन्ही गोष्टी आहेत. रिमोट तर मी इथे यायच्या आधीपासून हरवलेला आहे, आणि टीव्हीवर कायम एकच स्वयंपाकाचं चॅनल. आम्हाला केळं चालत नाही, टोमॅटो चालत नाही, बटाटासुद्धा उकळून, पाणी फेकून खावा लागतो. अशा आम्हा लोकांना तो टीव्ही सकाळी सात वाजता पनीर बटर मसाला शिकवायला बसतो.

हे किस्से माझ्याकडेच का साठले, त्याचं कारण साधं आहे. बाकीच्यांना ते घरी जाऊन सांगता येतात. मी भिवंडीजवळ काल्हेरला एका नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. एक खोली, किचन, साड्यांना फॉल-पिको करायचं माझं मशीन आणि मी. लग्न केलं नाही. कुकरची शिट्टी झाली की कधी कधी मी मोठ्याने म्हणते, "हो, ऐकलं." एवढंच काय ते घरात बोलणं.

म्हणून तुम्हाला सांगते.

*

आधी माणसं सांगायला हवीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात, ही पहिली शिफ्ट. आमचं भिवंडी यंत्रमागांचं, लूमवाल्यांचं गाव, त्यामुळे आम्हीही डायलिसिसला 'ड्युटी' म्हणतो. चार खुर्च्या. दाराजवळ भोईरकाका, मग रामसजीवन, मग नसीमआपा, आणि खिडकीकडे मी. आमच्यावर राज्य कविता सिस्टरचं. अंगातलं रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं आणि परत आत सोडायचं, हे तिचं काम. रागावणं हेही तिचंच काम.

किडन्या काम करत नसल्या की पाणी अंगातच साठतं. म्हणून दोन ड्युट्यांच्या मध्ये पाणी मोजून प्यायचं. कोण किती प्यायलं हे वजनकाट्यावर उभं राहिलं की लगेच कळतं. देवापुढे खोटं बोलता येईल, कविता सिस्टरच्या काट्यापुढे नाही.

भोईरकाका मानकोलीकडचे. त्यांच्या जमिनीवर आता गोडाऊन उभी आहेत आणि शेजारी त्यांचा बंगला. उन्हाळ्यातली गोष्ट. काका काट्यावर चढले आणि सिस्टरने काट्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"काका, किती पाणी प्यायलात?"

"पानी न्हाय पिलो मी. घोटभर पन न्हाय."

"मग हे वजन कसलं?"

काकांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "ताडगोलं खाल्लं. खाल्ल्याला पिलो कसा म्हनू?"

आम्ही हसलो. सिस्टर हसली नाही. रात्री काकांना श्वास लागला असता तर काय, असं तिने त्यांना चांगलंच सुनावलं. घरी कोणी लक्ष ठेवत नाही का, असंही विचारलं. काका म्हणाले, घर मोठं आहे, ज्याला त्याला आपापली खोली आहे, आणि ताडगोळे आणायला ते स्वतःच नाक्यावर गेले होते. दुपारी ओटीवर बसून एकट्यानेच खाल्ले.

पुढे कळलं की काका सेंटरला सहा वाजताच येऊन बसतात. शटर उघडायच्या आधी. बंगल्यात उठलेलं कोणी नसतं, आणि इथे निदान वॉचमन असतो.

*

रामसजीवन लूम चालवायचा. उत्तर प्रदेशातल्या कुठल्या तरी लहान गावचा. बायको-मुलं तिकडे, हा इकडे चाळीत बाकीच्या कामगारांबरोबर. आजारी पडला, लूम सुटलं, एका ओळखीच्या शेठने त्याला दुकानात हलकं काम दिलं. गावी त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा तो नेमका ड्युटीच्या वेळी. हा मोबाइल असा धरायचा की तिला फक्त त्याचा चेहरा आणि मागचा भिंतीवरचा एसी दिसावा. हातातल्या नळ्या खाली. एकदा तिने विचारलं, ये कहाँ बैठे हो? हा म्हणाला, नई नौकरी लगी है, एसी में बैठना होता है.

झालं. तिने ते गावभर केलं. दोन आठवड्यांत याला मेहुण्याचा फोन, चुलत भावाचा फोन, शाळेतल्या मास्तरांचा फोन. सगळ्यांना एसीत बसायची नोकरी हवी होती. बिचारा सगळ्यांना सांगत सुटला, अभी भरती बंद है. भोईरकाका म्हणायचे, "देव करो नि बंदच ऱ्हावो."

मग एका बुधवारी सेंटरचं दार उघडलं आणि एक बाई आत आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, बरोबर तिचा भाऊ. नवऱ्याचं ऑफिस बघायला न सांगता आली होती. चाळीतल्या कोणीतरी पत्ता देऊन टाकला होता.

रामसजीवनला हात लपवता आला नाही. हात बांधलेला होता.

ती तिथेच उभी राहिली. नळ्यांकडे बघितलं, मशीनमध्ये फिरणाऱ्या रक्ताकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग मान वर करून भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "एसी तो सच में है."

आणि अंगावरची शाल काढून तिने त्याच्या पायांवर टाकली.

त्या दिवशी आम्ही बाकीचे तिघंही झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. झोप कोणालाच आली नव्हती. मी डोळे मिटून खिडकीकडे तोंड केलं होतं. माझ्या पायांवर सेंटरचं पांघरूण होतं, त्यावर सेंटरचं नाव छापलेलं.

ती बाई परत गावी गेली नाही. मुलं गावी आजीकडे, आणि ही दोघं आता इथे खोली घेऊन राहतात.

*

आता माझाही किस्सा त्यात येतो. टाळून चालणार नाही.

मला एक भाऊ आहे, मोहन. माझ्यापेक्षा बराच लहान. आई गेली तेव्हा तो पहिलीत होता. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, पुढे त्याचं लग्न, सगळं माझ्या हातून झालं. या सगळ्याचं कौतुक नको, त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी होते. मोहन आता मानकोलीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. बायको स्मिता, दोन मुली.

माझ्या किडन्या गेल्या असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी मोहन बरोबर होता. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे दोन आहेत. एक तुझी." डॉक्टरांसमोर, रिक्षावाल्याने भाडं सांगावं इतक्या सहज.

मग तपासण्या सुरू झाल्या. एकामागून एक. प्रत्येक रिपोर्ट आला की मी शिफ्टला सांगायची. रक्तगट जुळला. बाकीचंही जुळलं. नसीमआपा दुआ करायच्या. रामसजीवन म्हणायचा, ताई, आपकी छुट्टी होने वाली है. भोईरकाकांनी जाहीर करून टाकलं की ऑपरेशन झालं की सगळ्यांना आपल्या गाडीतून अकलोलीला नेणार, गरम पाण्याच्या कुंडावर. मी फॉल-पिकोच्या नव्या ऑर्डरी घेणं बंद केलं. घरात एक पाण्याचा माठ घेऊन ठेवला. ऑपरेशननंतर पोटभर पाणी पिता येतं, असं सगळे सांगायचे.

शेवटच्या सह्या व्हायच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, सुनंदाताई, भावाची किडनी घेता येणार नाही. काही मेडिकल कारण आहे. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही त्यांना विचारू नका.

मला आधी माझी काळजी वाटलीच नाही. पोराला काय झालंय, याचीच भीती वाटली. बाहेर येऊन लगेच फोन लावला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मेसेज आला: 'ताई मी ठीक आहे. कामात आहे.'

त्यानंतर तो यायचाच बंद झाला.

शिफ्टमध्ये मी एका वाक्यात सांगितलं. टीव्हीवर बाई खमंग फोडणी देत होती. थोड्या वेळाने भोईरकाका म्हणाले, "बायकोनं आडवला आसंल." नातेवाइकांनीही तेच म्हटलं. स्मिताचं नाव सगळ्यांना सोयीचं होतं.

माठ मी खालच्या वॉचमनला देऊन टाकला.

*

त्या वर्षी भाऊबीजेला मोहन आला नाही. मुलीला ताप आहे, असा मेसेज होता. ताप असेलही.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मला भाऊ होता, म्हणून मी हे आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण ताट तयार होतं, निरांजन लावलं होतं. ते तसंच विझवून ठेवायला हात होईना. ताट घेऊन मी लिफ्टने गच्चीवर गेले.

दिवे लागायची वेळ. गच्चीवर मुलं भुईनळे उडवत होती आणि त्यांच्या आया खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मी एका कोपऱ्यात कठड्यापाशी उभी राहिले. वारा होता, पदराने ज्योत सांभाळत मी ओवाळलं. अक्षता टाकल्या. नमस्कार केला.

मागे चौथ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी उभ्या होत्या. बराच वेळ बघत असाव्यात.

"सुनंदाताई, भाऊ नाही का हो तुम्हाला?"

"आहे ना."

त्या जवळ आल्या. मग मायेने माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "ताई, पण चंद्र तिकडे आहे."

मी वळून बघितलं. खाडीच्या बाजूला, खाली उतरलेला, नखाएवढा चंद्र होता. मी ओवाळत होते त्या बाजूला नुसते मानकोलीच्या गोडाऊनचे दिवे लागलेले होते.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी स्मिता आली. भर दुपारी, एकटी. डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी. भाजी पाणी फेकून केलेली होती, हे तिने दारातच सांगितलं.

बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, मी अडवलं नाही. सगळे माझंच नाव घेतात. मी एकदासुद्धा नको म्हटलं नाही."

मग तिने काय झालं ते सांगितलं. मोहनला कसलाही आजार नव्हता. ऑपरेशन जवळ आलं तसं त्याचं जेवण तुटलं. गोडाऊनमध्ये माल मोजताना आकडे चुकायचे. मुलींना जवळ घेऊन तासन्तास बसायचा. शेवटी त्याने स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं की माझ्याने होणार नाही, पण ताईला मी घाबरलो असं सांगू नका. डॉक्टर म्हणाले, मेडिकल कारण आहे एवढंच सांगेन. अशा वेळी ते तसंच करतात म्हणे. देणाऱ्यावर जबरदस्ती होऊ नये म्हणून.

"मी आले हे त्यांना माहीत नाही," स्मिता म्हणाली. "तुम्हाला सगळं कळलंय हे कळलं तर ते तुम्हाला कधीच तोंड दाखवणार नाहीत."

मी तिला चहा केला. ती गेल्यावर भाकरी खाल्ली. भाजी छान झाली होती. मग मशीनवर बसले आणि एका साडीला फॉल लावला. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं, उलट्या बाजूने लावला होता. सगळा उसवला. उसवता उसवता रडले. दोन कामं एकदम झाली.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. तो घाबरला म्हणून राग आला, आणि घाबरलो हे मला सांगायची त्याला भीती वाटली, त्याचा जास्त आला. लहानपणी पाल दिसली तरी माझ्याच मागे लपायचा.

*

अकलोलीचं ठरलेलं ऑपरेशननंतर. पण भोईरकाका एका शुक्रवारी म्हणाले, "आपरेशन गेलं खड्ड्यात. रविवारी जायाचा म्हंजे जायाचा."

थंडीचे दिवस होते. काकांची मोठी गाडी, ड्रायव्हर, आम्ही चौघं आणि रामसजीवनची बायको. कुंडात उतरायची कोणालाच परवानगी नव्हती. काठावर बसून पाय सोडायचे, एवढंच. सगळ्यांचा एक एक हात पदराखाली, नाहीतर शर्टाच्या लांब बाहीत लपवलेला. आमच्या हातांवर सुया टोचून टोचून दोरखंडासारख्या शिरा उठलेल्या असतात, लोक बघत राहतात.

शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलंच, तुम्ही सगळे एका घरचे का? भोईर, रामसजीवन, नसीमआपा आणि मी. भोईरकाका म्हणाले, "हो. आमचा रगत येकाच मशीनीत धुतात."

आजोबा उठून पलीकडच्या कुंडावर गेले.

आपा तेव्हा माझ्या शेजारी होत्या. त्या भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांचा नवरा गेल्यावर लूम विकली गेली, लेकी लग्न होऊन परगावी गेल्या, घरात मुलगा-सून-नातवंडं. बोलायच्या कमी. मी त्यांना स्मिताचं सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. पाय पाण्यात हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनंदा, एक सांग. तुला भाव पायजे का त्याची किडनी पायजे?"

"दोन्ही हवं होतं, आपा."

"ता मेरेको मालूम हाय. पन आता जो ऱ्हायला हाय, तो पन घालवतेस का?"

मी पाय आणखी खोल सोडले. पाण्याला गंधकाचा वास येत होता. परत येताना गाडीत सगळे झोपले, आणि आपांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. कितीतरी दिवसांत माझ्या खांद्यावर कोणी डोकं ठेवलं नव्हतं. काल्हेरचं वळण आलं तरी मी ड्रायव्हरला थांब म्हटलं नाही. म्हटलं, आधी आपांना सोडू.

*

मग रमजान आला.

आपांना रोजे धरायला डॉक्टरांची सक्त मनाई. धर्मातही आजाऱ्याला सूट आहे, हे त्यांच्या मुलाने त्यांना दहादा सांगितलं होतं. पण घरात सगळे उपाशी असताना आपण एकटीने खायचं, हे त्यांना सोसवेना. नातवंडंसुद्धा रोजा धरायची. आपा स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून दोन घास खायच्या. मग तेही सोडलं.

एका सोमवारी ड्युटी चालू असताना त्यांचं बीपी खाली गेलं. सिस्टर धावली, खुर्ची आडवी केली, सलाइन सोडलं. शुद्धीवर आल्यावर बिस्कीट पुढे केलं. आपांनी ओठ मिटून घेतले. सिस्टरने समजावलं, रागावली, शेवटी तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. आपा बिस्कीट घेईनात.

तेव्हा दाराजवळून भोईरकाका म्हणाले, "आपा, तुमचा रोजा मी धरतो. तुमी खावा."

"असं होत नाय, भाऊ," आपा म्हणाल्या.

"तुमच्यात होत नसंल. आमच्यात होतो. आई पोरासाठी उपास धरते का न्हाय?"

आपांनी त्यांच्याकडे बघितलं. काका गंभीर होते. मग आपांनी बिस्कीट घेतलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि खाल्लं.

बुधवारी काका काट्यावर चढले. सिस्टरने आकडा बघितला, काटा हलवला, काकांना उतरवून परत चढवलं. इतकं कमी वजन वाढून काका कधीच आले नव्हते. घोटभर पाणीसुद्धा मोजूनच प्यायले असणार.

"काका, काय केलंत?"

"रमजान हाय," काका म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.

ते पूर्ण महिनाभर टिकले. ईद झाली आणि पहिल्या ड्युटीला वजन होतं तिथे आलं.

*

पावसाळा संपता संपता एका सोमवारी आपांची खुर्ची रिकामी होती.

आमच्याकडे एक न ठरवलेला नियम आहे. खुर्ची रिकामी दिसली की विचारायचं नाही. कधी कधी माणूस लग्नाला गेलेला असतो. कविता सिस्टरने त्या दिवशी टीव्हीचा प्लगच काढला, त्यावरूनच कळलं.

माझ्या आणि रामसजीवनच्या मधली जागा तशीच राहिली. आपांच्या मशीनवर हिरवा दिवा लागला नव्हता. रामसजीवनची बायको रोज येऊन त्याच्या पायाशी बसायची, त्या दिवशी ती उठली आणि आपांच्या खुर्चीवरचं पांघरूण घडी करून नीट ठेवून आली. भोईरकाका त्या दिवशी चारही तास डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते.

ड्युटी संपली. मी उठले, वजन केलं, चप्पल घातली, आणि दारापर्यंत पोचले नाही.

शुद्धीवर आले तेव्हा परत खुर्चीत आडवी होते. सिस्टर सांगत होती, बीपी पडलं होतं, घाबरू नका. फाइलमध्ये घरच्या माणसाचा नंबर लिहिलेला असतो, त्यावर तिने फोन केला होता. मी म्हटलं, कशाला केलास, तो उचलत नाही.

"उचलला की," सिस्टर म्हणाली. "पहिल्या रिंगला."

मोहन दारात उभा होता. गोडाऊनचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, हेल्मेट काढायचंच राहिलेलं. वर्षभरात बारीक झाला होता. आत येत नव्हता आणि जातही नव्हता.

मी म्हटलं, "हेल्मेट काढ आधी. लोक घाबरतील."

*

तेव्हापासून मोहन दर शुक्रवारी मला न्यायला येऊ लागला. शिफ्ट सुटायच्या आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. आम्ही बोलायचो ते रस्त्याबद्दल, मुलींच्या शाळेबद्दल, मानकोलीच्या ट्रॅफिकबद्दल. त्या विषयावर तो बोलला नाही, मीही नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी सिस्टरने त्याला आत बोलावलं. बाहेर ऊन होतं. तो माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला. भोईरकाकांनी त्याला निरखून बघितलं. काकांच्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

"तूच ना रं हिचा भाव?"

"हो."

"मंग तपासन्या सगल्या जुलल्या व्हत्या ना? किडनी का न्हाय दिलीस बहिनीला?"

सिस्टर हातात कापूस घेऊन तशीच उभी राहिली. रामसजीवनने मान खाली घातली. मोहनच्या कपाळावर घाम आला होता. त्याने तोंड उघडलं, आणि तो काय बोलणार आहे ते मला कळलं. तो सगळं सांगून टाकणार होता, तिथे, सगळ्यांच्या देखत.

मी म्हटलं, "काका, त्याला शुगर निघाली. शुगरवाल्याची घेत नाहीत."

मोहनने माझ्याकडे बघितलं. मी मशीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

"आरं द्येवा," काका म्हणाले. त्यांचा चेहराच बदलला. "एवढ्या कमी वयात? संबाल रं बाबा. मी काय काय बोललो तुला मनात, माफी कर."

तेवढ्यात बाहेरचा चहावाला आला. पाहुण्यांना तो एक एक कप देतो, भरपूर साखर मारून, उकळलेला. त्याने मोहनच्या हातात कप दिला. मोहनला असा चहा लहानपणापासून आवडतो, दोन चमचे साखर घालून बशीत ओतून प्यायचा. तो कप तोंडाला लावणार तोच काका ओरडले, "आरं, काय करतंस? शुगर हाय ना तुला?"

मोहनचा हात थांबला. त्याने कपाकडे बघितलं. मग कप चहावाल्याला परत दिला आणि म्हणाला, "मला बिनसाखरेचा आण."

चहावाला घेऊन आला. मोहनने तो सगळा संपवला. शेवटच्या घोटापर्यंत. तोंड जराही वाकडं केलं नाही.

याला आता पावणेदोन वर्षं होत आली. दर शुक्रवारी तो सेंटरमध्ये बिनसाखरेचा चहा घेतो. काका त्याला कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बिया असं काय काय सुचवत असतात आणि तो मान डोलावतो. एकदा स्मिताचा फोन आला. विचारत होती, ताई, हे घरीसुद्धा बिनसाखरेचा चहा पितात, मुलीच्या वाढदिवसाचा केक खाल्ला नाही, विचारलं तर सवय लागली म्हणतात, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हटलं, चांगली सवय आहे.

गेल्या शुक्रवारी पावसाने रस्ता तुंबला होता. तो मला सोडायला वर घरापर्यंत आला. बऱ्याच वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला. मी चहा ठेवला. घरात आम्ही दोघंच होतो. आधण आलं, मी साखरेचा डबा काढला.

तो म्हणाला, "ताई, मला नको. मला शुगर आहे ना."

मी त्याच्याकडे बघितलं. केस पिकायला लागलेत त्याचे.

"अर्धा चमचा चालतो," मी म्हटलं. "तुझी काही फार नाही."

त्याने कप पुढे केला.